किडनी घडते कशी, दुखावते कशी आणि त्यात कायनेजचं काम काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उंदरांच्या किडनीवर काम करते, म्हणजे लॅबमध्ये, दवाखान्यात नाही. दोन वर्षांपूर्वी मामांना उसाच्या रानात घोणस चावली, लघवी बंद झाली, तीन आठवडे डायलिसिस लागलं आणि मग किडनी हळूहळू परत चालू झाली. तेव्हापासून घरातले, गावातले, मैत्रिणींचे आईवडील असे सगळेच मला प्रश्न विचारतात, आणि बऱ्याच प्रश्नांचं उत्तर फिरून फिरून कायनेजवरच येतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. औषध सुरू-बंद करायचं ते मात्र तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारूनच.

प्र. प्रोटीन कायनेज म्हणजे काय? डाळ-अंड्यातलं प्रोटीन तेच का हे?

ताटातल्या प्रोटीनशी याचा थेट संबंध नाही. पेशीच्या आत हजारो प्रोटीन्स कामाला असतात, आणि कोणी कधी कामाला लागायचं कधी थांबायचं हे ठरवायला पेशीकडे एक सोपी युक्ती आहे, प्रोटीनवर फॉस्फेटची बारीकशी टिकली लावायची. टिकली लावणारं एन्झाइम म्हणजे कायनेज, टिकली काढणारं फॉस्फटेज. टिकली येते एटीपीमधून, म्हणजे पेशीच्या रोजच्या खर्चाच्या पैशातूनच. ती लागली की प्रोटीनचा आकार जरासा बदलतो, आणि तेवढ्यावरच ते जागं होतं किंवा झोपतं किंवा दुसऱ्या कोणाला तरी जाऊन चिकटतं. माणसात अशी ५०० च्या वर कायनेज आहेत. ही युक्ती १९५० च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी स्नायूंवर काम करताना शोधली, नोबेल मिळालं १९९२ मध्ये.

एक लक्षात ठेवा, टिकली लावणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच ती वेळेवर काढणंही. खाली सगळीकडे हेच परत परत येणार आहे.

प्र. वडिलांच्या रिपोर्टवर सीपीके लिहिलंय आणि खूप वाढलंय, ते हेच का?

नाही, ते वेगळं. सीपीके म्हणजे क्रिएटिन कायनेज, ते टिकली लावतं क्रिएटिन नावाच्या छोट्या रेणूला, प्रोटीनला नाही, आणि ते मुख्यतः स्नायूंमध्ये असतं. स्नायू चिरडले, खूप वेळ दबले, किंवा अंगात सवय नसताना उन्हात भयंकर व्यायाम केला की ते रक्तात सांडतं. पण म्हणून दुर्लक्ष करू नका, कारण त्याच्याबरोबर स्नायूंमधलं मायोग्लोबिनही सांडतं आणि ते किडनीच्या नळ्यांना थेट इजा करतं. सीपीके हजारोंच्या घरात आणि लघवी काळ्या चहासारखी असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्र. पोटात बाळाची किडनी तयार होते कशी?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

गर्भ साधारण पाच आठवड्यांचा झाला की त्याच्या मागच्या भागात एक नळी असते, तिच्यातून एक कोंब फुटतो आणि शेजारच्या पेशींच्या गोळ्यात शिरतो. हा कोंब आपोआप फुटत नाही. तो गोळा जीडीएनएफ नावाचा निरोप सोडतो आणि नळीच्या पेशींवर तो निरोप ऐकणारं रेट नावाचं कायनेज असतं, अर्धं पेशीच्या बाहेर अर्धं आत. बाहेर निरोप पोचला की दोन रेट जवळ येतात, एकमेकांना टिकल्या लावतात, आणि आत इआरके, पीआय-थ्री-कायनेज, एकेटी अशी पुढची रांग जागी होते. पेशी वाढतात, सरकतात, कोंब पुढे जातो आणि त्याला दोन फाटे फुटतात, दोनाचे चार, चाराचे आठ, असं करत करत झाड होतं. प्रत्येक टोकाशी आजूबाजूच्या पेशी गोळा होऊन एकेक नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारं एकेक छोटं युनिट, तयार करतात. एका किडनीत सरासरी १० लाख नेफ्रॉन, पण माणसामाणसात फरक खूप, कोणाला त्याच्या निम्म्याहून कमी तर कोणाला दुप्पट.

हे डोळ्यांनी बघता येतं. साडेअकरा दिवसांच्या उंदराच्या गर्भातली किडनी तिळापेक्षा लहान असते, ती बारीक सुईने सोडवून एका फिल्टरवर ठेवायची, खाली पोषक द्रव, आणि इन्क्युबेटरमध्ये ३७ डिग्रीला ठेवून द्यायची. पहिल्या दिवशी आत फक्त दोन फाट्यांचा कोंब दिसतो. दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं की फांद्याच फांद्या, एखादं छोटं झाड उलगडावं तशा. आता द्रवात इआरकेला जागं होऊ न देणारं औषध टाकलं तर काय होतं माहितेय? फांदी लांबत राहते पण तिला फाटा फुटत नाही! म्हणजे वाढणं वेगळं आणि फाटा फुटणं वेगळं, आणि फाट्याला त्या टिकलीची जास्त गरज. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठलेच नव्हते.

प्र. यातलं कायनेज बिघडलं तर?

१९९४ मध्ये रेटचं जीन काढून टाकलेले उंदीर तयार केले, ते बहुतेक किडनीशिवायच जन्मले आणि जन्मल्यावर लगेच गेले. त्यांच्या आतड्याच्या नसाही तयार झाल्या नव्हत्या, कारण रेट तिथेही लागतं. माणसात हर्शस्प्रंग नावाचा बाळाच्या आतड्याचा आजार याच जीनच्या दोषाने होऊ शकतो.

उलटंही होतं. स्प्राउटी-वन नावाचं एक प्रोटीन रेटच्या निरोपाला आवर घालतं. ते काढलं की एकाऐवजी दोन-तीन कोंब फुटतात आणि एका किडनीला जास्तीच्या मूत्रवाहिन्या येतात. कमी झालं तरी पंचाईत, जास्त झालं तरी पंचाईत.

सोनोग्राफीत बाळाला एकच किडनी आहे असं कळलं म्हणून रडत फोन करणाऱ्या दोन आया मला माहीत आहेत. एक चांगली किडनी असलेली बहुतेक मुलं छान मोठी होतात. फक्त बीपी आणि लघवीतलं प्रोटीन नियमित तपासत राहा, आयुष्यभर. आणि आईने काही चुकीचं खाल्लं म्हणून हे झालं असं कोणी सासरी बोलत असेल तर त्यांना हे वाचायला द्या, बऱ्याच वेळा कुठलंच एक कारण सापडत नाही.

प्र. आमचं बाळ सातव्या महिन्यात झालं, किडनीवर परिणाम होईल का?

नेफ्रॉन बनायचं काम साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत चालतं आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांतला असतो. एकदा ते संपलं की माणसाला नवीन नेफ्रॉन येत नाही, कधीच नाही. म्हणून लवकर झालेल्या किंवा खूप कमी वजनाच्या बाळाकडे नेफ्रॉनची शिल्लक कमी असू शकते, आणि कमी नेफ्रॉनवर जास्त भार पडून पुढे बीपी वाढू शकतं हा विचार बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडला. आपल्याकडे हे जास्त मनावर घ्यायला पाहिजे. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून आयांचा आणि बाळांचा जो अभ्यास चालू झाला त्यात बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आतबाहेरच होतं. तो अभ्यास मुख्यतः डायबेटीसच्या दिशेने गेला, किडनीच्या नाही, पण लहान बाळ ही आपल्याकडे किती नेहमीची गोष्ट आहे ते त्यातून कळतं.

घाबरायचं कारण नाही, पण मूल मोठं झाल्यावर डॉक्टरांना 'हे इतक्या आठवड्यांचं झालेलं' हे आवर्जून सांगा, आणि ताप आला की घरातली पेनकिलर मनाने देऊ नका.

प्र. किडनीला अचानक मार बसतो म्हणजे आत काय होतं?

घोणस, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी जाणं, मोठं ऑपरेशन, सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग), सिस्प्लॅटिनसारखी केमो, कारणं वेगवेगळी, पण आतली गोष्ट बरीचशी एकसारखी. हृदय जेवढं रक्त फेकतं त्यातलं जवळजवळ २० ते २५ टक्के किडन्यांना जातं, तरी किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन एरवीसुद्धा जेमतेमच असतो आणि तिथल्या नळ्यांच्या पेशी दिवसरात्र मीठ-साखर ओढून घ्यायचं कष्टाचं काम करतात. रक्त कमी पडलं की पहिला फटका त्यांना.

एटीपी संपायला लागतं, काही मिनिटांत. एएमपीके नावाचं कायनेज हे ओळखतं आणि खर्च बंद करा असं सगळ्यांना सांगतं, हे पेशीच्या भल्याचंच. मग ताण ओळखणारी जेएनके आणि पी-३८ जागी होतात, सूज वाढवणारे निरोप बाहेर जातात. आणि मार जास्तच असेल तर रिपके-वन आणि रिपके-थ्री ही जोडी एमएलकेएल नावाच्या प्रोटीनला टिकली लावते, ते पेशीच्या पडद्यात जाऊन बसतं, पडदा फाटतो, पेशी फुटून मरते आणि तिच्यातलं सगळं बाहेर सांडून शेजारच्या पेशींनाही सूज आणतं.

हे सगळं मिनिटांत-तासांत होतं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, ते मात्र वाढतं एक-दोन दिवसांनी. मामांच्या वेळी पहिल्या दिवशी क्रिएटिनिन १.३ होतं म्हणून सगळे निवांत झाले, तिसऱ्या दिवशी ६ च्या पुढे गेलं. म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा बघून खूश होऊ नका, लघवी किती होतेय ते मोजा.

प्र. मग किडनी परत बरी कशी होते?

इथे मला दरवेळी भरून येतं. नळीतल्या काही पेशी मरतात, पण शेजारी ज्या वाचतात त्या चपट्या होतात, पसरतात, उघड्या पडलेल्या भिंतीवर सरकतात आणि विभागून जागा भरून काढतात. हे करायला लागतं ईजीएफआर नावाचं कायनेज (रिपोर्टवरचा ई-जीएफआर आकडा वेगळा, नाव फक्त सारखं) आणि त्याच्या मागे परत तेच इआरके, तेच एकेटी. गर्भात किडनी बांधताना जी मंडळी होती त्यातलीच बरीच परत कामावर बोलावली जातात! उंदराच्या नळ्यांमधलं ईजीएफआर काढून टाकलं की किडनी बरी व्हायला उशीर होतो.

फक्त एक फरक. माणसाची किडनी तुटलेली नळी सांधते, नवीन नेफ्रॉन बनवत नाही. झेब्राफिशसारखा मासा मोठेपणीही नवीन नेफ्रॉन बनवतो, म्हणून त्याच्यावर एवढा अभ्यास चालतो.

प्र. क्रिएटिनिन नॉर्मल झालं, म्हणजे आता विषय संपला ना?

नाही! हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगते आणि सगळ्यात कमी ऐकलं जातं.

सांधायचं काम झालं की टिकल्या निघायला पाहिजेत. मार मोठा असेल किंवा परत परत बसत असेल तर त्या निघत नाहीत. ईजीएफआर जागंच राहतं, जेएनके जागंच राहतं. काही पेशी विभागता विभागता मध्येच अडकतात, ना धड पुढे ना मागे, आणि अडकलेल्या पेशी जेएनकेच्या वाटेने व्रण तयार करणारे निरोप सोडत बसतात. २०१० मध्ये उंदरांत हे दाखवलं गेलं, आणि जेएनके अडवल्यावर व्रण कमी झाला. त्या निरोपांपैकी टीजीएफ-बीटा ज्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप ऐकणाऱ्या प्रोटीनवर, बसतं तो स्वतःच एक कायनेज आहे, त्याने स्मॅड नावाच्या प्रोटीनला टिकली लावली की धाग्यासारखं कोलॅजन भरायला लागतं आणि मऊ किडनी आतून चिवट होते. यालाच फायब्रोसिस म्हणतात.

आमच्या सांगलीकडे हे पटकन समजतं. उसाला पाळीने पाणी दिलं तर ऊस येतो, तेच पाणी वर्षानुवर्षं तुंबवून ठेवलं तर जमीन क्षारपड होते. पाणी तेच, रान तेच, फक्त वेळेवर बंद केलं नाही.

आणि नॉर्मल क्रिएटिनिनचा अर्थही नीट समजून घ्या, बरेच नेफ्रॉन गेले तरी उरलेले जास्त काम करून आकडा सांभाळतात. मामांचं आता १.३ वर आहे. आम्ही दर वर्षी क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासतो, आणि त्यांच्या गुडघेदुखीच्या पेनकिलर मी स्वतः कपाटातून काढून टाकल्यात.

प्र. एवढं कळलंय तर ती कायनेज सरळ बंद का करत नाहीत?

कारण तीच कायनेज जखम भरतात. पहिल्या दोन दिवसांत ईजीएफआर बंद केलं तर किडनी सांधणार नाही, दोन महिन्यांनी चालूच ठेवलं तर व्रण पडेल. औषध कोणतं एवढं पुरत नाही, ते कोणत्या दिवशी आणि किती दिवस हे कळायला पाहिजे, आणि पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा मार नेमका कधी बसला हे बऱ्याच वेळा कोणालाच माहीत नसतं. लॅबमध्ये किडनीला मार द्यायला आम्ही तिच्या रक्तवाहिनीला चिमटा लावतो तेव्हा घड्याळ आमच्या हातात असतं, तरण्या निरोगी उंदरात. दवाखान्यात येणारा माणूस सत्तरीचा, डायबेटीस असलेला, तीन दिवस जुलाब झालेला असतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण एमटॉर. ईस्टर आयलंडच्या मातीतल्या एका जीवाणूपासून रॅपामायसिन मिळालं, आणि ते ज्या कायनेजला अडवतं त्याला औषधावरूनच एमटॉर नाव पडलं. किडनी ट्रान्सप्लांटमध्ये शरीराने किडनी नाकारू नये म्हणून ते वापरतात, पण ऑपरेशननंतर लगेच दिलं तर जखम भरायला वेळ लागतो आणि नवी किडनी उशिरा चालू झाली असेल तर ती सावरायलाही वेळ लागतो. जे वाढ थांबवतं ते दुरुस्तीही थांबवतंच.

प्र. पॉलिसिस्टिक किडनीत हेच औषध चालेल असं ऐकलं होतं?

अपेक्षा खूप होती. या आजारात किडनीत पाण्याचे फुगे, म्हणजे सिस्ट, वाढत जातात. सिस्टच्या भिंतीतल्या पेशींत एमटॉर फार जागं असतं म्हणून मोठ्या ट्रायल झाल्या, २०१० मध्ये निकाल आले, रॅपामायसिनच्याच जातीच्या एव्हरोलिमसने किडनीचा आकार वाढणं कमी झालं पण काम घसरणं थांबलं नाही. पुढे आलं ते टॉलव्हॅप्टन, ते स्वतः कायनेजला हात लावत नाही, पेशीतला सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू कमी करतं आणि त्यामुळे पीकेए हे कायनेज शांत होतं. त्याने घसरण हळू होते. लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं आणि लघवी भयंकर होते, उसाच्या तोडीला जाणाऱ्या माणसाला ते घेणं सोपं नाही, डॉक्टरांशी तेही बोला.

प्र. मीठ आणि बीपीचा कायनेजशी काय संबंध?

डब्ल्यूएनके नावाचं एक कुटुंब आहे. २००१ मध्ये रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने ज्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बीपी आणि पोटॅशियम दोन्ही जास्त असतं त्यांच्यात या कायनेजचे दोष शोधले. ही कायनेज स्पाक नावाच्या दुसऱ्या कायनेजला जागं करतात, ते किडनीच्या नळीतल्या मीठ ओढणाऱ्या पंपाला टिकली लावतं आणि मीठ अंगात परत येतं. गंमत म्हणजे जेवणात पोटॅशियम कमी पडलं की हे सगळं जास्त जोरात चालतं. म्हणजे लोणचं-पापड-फरसाण जास्त आणि भाजी-फळं कमी असं जेवण दोन्ही बाजूंनी बीपी वाढवतं. पण ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांनी हे वाचून केळी आणि शहाळी सुरू करू नका, त्यांना वाढलेलं पोटॅशियम जीवघेणं ठरू शकतं. बाजारातलं 'लो सोडियम' मीठसुद्धा नको, त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं.

प्र. कॅन्सरच्या गोळीने लघवीतून प्रोटीन जायला लागलं, बीपी वाढलं. गोळीचं नाव 'निब'ने संपतं.

शेवटी 'निब' म्हणजे ती कुठलं ना कुठलं कायनेज अडवते. सुनिटिनिब, सोराफेनिब, पाझोपॅनिब या गोळ्या व्हेजएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या निरोपाच्या रिसेप्टरला अडवतात, गाठीला रक्त मिळू नये म्हणून. पण किडनीच्या गाळणीतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही रोज व्हेजएफ लागतं, गाळणीच्याच शेजारच्या पेशी ते त्यांना पुरवतात. निरोप बंद झाला की गाळणी सैल पडते. म्हणून अशा गोळ्या चालू असताना बीपी आणि लघवी ठरलेल्या दिवशी तपासाच, आणि काही वाढलं तर गोळी स्वतः बंद न करता फोन करा. डोस कमी करून किंवा बीपीचं औषध देऊन बऱ्याच वेळा पुढे जाता येतं.

कायनेज अडवणाऱ्या काही गोळ्या क्रिएटिनिन वाढवतात पण किडनीला इजा झालेली नसते, ॲबेमासिक्लिब हे त्यातलं एक. ती नळीतून क्रिएटिनिन बाहेर टाकणं अडवते एवढंच. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी, म्हणजे किडनीचं काम मोजायची दुसरी रक्ततपासणी, करायला सांगतात का विचारा.

आणि किमतीचं बोलायलाच पाहिजे. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांच्या वर होता. मुंबईच्या पेटंट ऑफिसमधून ९ मार्च २०१२ ला भारतातलं पहिलं सक्तीचं लायसन्स (म्हणजे पेटंट दुसऱ्याचं असतानाही औषध बनवायची सरकारी मुभा) निघालं, नॅटको कंपनीला ८,८८० रुपयांत ते बनवायची परवानगी मिळाली, मुंबई हायकोर्टानेही २०१४ मध्ये ते कायम ठेवलं. किडनीच्या कॅन्सरचा पेशंट ज्या घरात आहे त्यांना या दोन आकड्यांमधलं अंतर समजावून सांगायची गरज नाही.

प्र. डायबेटीससाठी काही आहे का यात?

साखर जास्त राहिली की पीकेसी-बीटा, जॅक, एमटॉर अशी बरीच कायनेज जागी राहतात. प्रत्येकावर औषधं करून बघितली, बॅरिसिटिनिबने छोट्या ट्रायलमध्ये लघवीतलं अल्ब्युमिन कमीही झालं, पण किडनी वाचवायला रोज लिहून दिलं जाईल असं कायनेजचं औषध अजून हातात नाही. आज जी कामाची आहेत ती वेगळ्या वाटेची, बीपीची एसीई-एआरबी गटातली आणि ग्लिफ्लोझिन गटातली. ती डॉक्टरांनी दिली असतील तर टाळू नका.

प्र. कायनेज तपासायची टेस्ट असते का? आम्हाला करून मिळेल का?

नाही, आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका. टिकली फार चंचल असते. उंदराची किडनी काढल्यावर आम्ही ती काही सेकंदांत लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकतो, कारण रक्त तुटल्यावर एक-दोन मिनिटं जरी ती टेबलावर राहिली तरी काही टिकल्या निघून जातात, काही नव्या लागतात, आणि मग आपण बघतो तो आजार नसतो, आपल्या हाताला झालेला उशीर असतो. पुढे ब्लॉट करताना, म्हणजे प्रोटीन्स एका पातळ पडद्यावर उतरवून हवं ते शोधताना, बरेच लोक पडदा दुधाच्या पावडरीत भिजवतात, टिकल्या शोधायच्या असतील तर आम्ही ते टाळतो, कारण दुधातल्या केसीनवर स्वतःच भरपूर फॉस्फेट असतं आणि सगळा पडदा धुरकट दिसतो. एवढं सांभाळून शेवटी दिसते एक काळी रेघ, मार बसल्यावर तासाभरात ठळक झालेली. आणि दोन आठवड्यांनीही ती तितकीच ठळक दिसली की त्या उंदराच्या किडनीत व्रण सापडणार हे कापायच्या आधीच कळतं.